प्रेझेंटेशन झाले, म्हणजे नेमके काय झाले?

काही महिन्यांपूर्वी ठाण्यातल्या एका सभागृहात रस्तारुंदीकरणाबद्दल नागरिकांची बैठक होती. पडद्यावर पहिलेच पान इंग्रजीत आले आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "मराठीत दाखवा!" पुढची वीस मिनिटे त्यावरच गेली. एका गटाचे म्हणणे, 'प्रेझेंटेशन' हा शब्दच नको, 'सादरीकरण' म्हणा. दुसऱ्या गटाचे म्हणणे, प्रेझेंटेशन आता टेबलाइतकाच मराठी झाला आहे, उगाच भावनिक होऊ नका. शेवटी तडजोड म्हणून पहिल्या पानावरचे शीर्षक तिथल्या तिथे बदलले गेले. 'सादरीकरण' ही अक्षरे ठळक टाइपात उमटली, टाळ्या पडल्या आणि उरलेली पाने होती तशीच इंग्रजीत सरकत गेली. रस्ता कोणाच्या कुंपणातून जाणार, कोणती झाडे तुटणार, हे विचारायला वेळ उरला नाही. नंतर आठवडाभर व्हॉट्सॲपवर वाद रंगला, तोही शब्दाचाच.

हा वाद चुकीच्या जागी चालला आहे असे माझे ठाम मत आहे. प्रेझेंटेशन आणि सादरीकरण या दोन्ही शब्दांत आज एकच दोष आहे: ते ऐकून सभागृहात नेमके काय घडले ते कळत नाही. माहिती दाखवली? प्रस्ताव चर्चेला ठेवला? लोकांच्या हरकती ऐकल्या? की आधीच ठरलेली गोष्ट कळवली? ही चार वेगळी कामे आहेत, त्या प्रत्येकातून माणसाला मिळणारा हक्क वेगळा आहे आणि मराठीत चारही कामांना आपापली क्रियापदे आहेत. सार्वजनिक कारभारात ती क्रियापदे पुन्हा वापरात आणा, एवढी माझी मागणी आहे. नाम इंग्रजीतून घ्यायचे की संस्कृतातून घडवायचे, हा प्रश्न त्याच्या फार मागून येतो.

मी भाषांतराचे काम करतो. ठाण्याहून बेलापूरला जाताना लोकलमध्ये रोज हा शब्द कानावर पडतो. ऐरोलीला उतरणारी मुलगी फोनवर सांगत असते, "आज माझं प्रेझेंटेशन आहे, नंतर बोलते." शेजारची आई मुलाचा पेपर चाळत म्हणते, "उत्तर बरोबर आहे, प्रेझेंटेशनला दोन मार्क गेले." तिला म्हणायचे असते, अक्षर गचाळ, समास नाही, खाडाखोड फार. कोपरखैरण्याला चढलेल्या दोघीजणी पाककला स्पर्धेतल्या प्रेझेंटेशनबद्दल बोलतात. यांतल्या कोणाचेही काही अडत नाही. संदर्भ समोर असतो, बोलणारा ओळखीचा असतो, न कळलेले लगेच विचारता येते. बोलण्यातल्या प्रेझेंटेशनवर माझा आक्षेप नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

पण त्या पाककलेच्या स्पर्धेपाशी थोडे थांबू या. आपल्याकडे ताट 'वाढतात'. मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाजी, आमटी. डावीकडचे तोंडी लावण्यापुरते, उजवीकडचे पोटभरीचे. माझ्या आईने लोणच्याची फोड उजवीकडे गेली म्हणून मला पंगतीत उठवून ताट पुसून पुन्हा वाढायला लावले होते. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. तिला ताट सुंदर दिसायला हवे होतेच, पण जेवणाऱ्याचा हात कुठे जाणार आहे हे तिने आधी पाहिले होते. 'वाढणे' या क्रियापदात दिसणे, देणे आणि समोरच्याने जेवणे हे सगळे एकत्र आहे. 'फूड प्रेझेंटेशन'मध्ये त्यातले दिसणे तेवढे उरते.

प्रसूतिगृहातही हा शब्द आहे. बाळ डोक्याऐवजी पायांकडून किंवा कुल्ल्यांकडून खाली येत असेल तर डॉक्टर 'ब्रीच प्रेझेंटेशन' लिहितात. पूर्ण दिवस भरलेल्या शंभर बाळंतपणांत अशी तीन-चार तरी असतात. घरी विचाराल तर कोणीही सांगेल, मूल पायाळू आहे. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की चमक जाते, ही समजूत सोडून देऊ, शब्द मात्र चोख आहे. इथे डॉक्टरांना मराठी शब्द वापरण्याची सक्ती करावी असे मला मुळीच वाटत नाही. ब्रीच म्हटले काय, पायाळू म्हटले काय, ऐकणाऱ्याला पुढे काय करायचे ते कळते. शब्दाकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेतो. भाषा उसनवारीवर वाढते आणि मराठी तर फारच. हे शंभर टक्के मान्य. 'अर्ज' हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ समोर ठेवणे, म्हणजे प्रेझेंटेशनच. 'पेश' म्हणजे पुढे. त्यावरून पेश करणे, पेशकश आणि खुद्द पेशवा. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राजव्यवहारकोश करवून घेतला, विसाव्या शतकात भाषाशुद्धीची चळवळ झाली, तरी अर्ज, हरकत, तक्रार, मंजूर हे शब्द कुठेही गेले नाहीत. ते आपल्या हाडीमासी भिनले आहेत. मग प्रेझेंटेशननेच काय घोडे मारले?

त्या जुन्या उसन्या शब्दांकडे जरा बारकाईने पाहिले की फरक कळतो. मराठ्यांच्या दरबारी व्यवहारात एखादी गोष्ट 'समोर ठेवण्या'चे किती प्रकार होते! धाकट्याने थोरल्याला भेट दिली तर ती नजर केली. ६ जून १६७४ ला रायगडावर इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन याने महाराजांना हिऱ्याची अंगठी दिली, ती नजर. मांडलिकाने दिली ती पेशकश. दाद मागायची तर फिर्याद गुदरायची. कागद किंवा साक्षीदार पुराव्यासाठी हजर करायचा तर तो रुजू करायचा. आणि राजाकडून निघाली ती सनद 'सादर' झाली. इथे 'सादर' हा संस्कृत स-आदर नव्हे. हा अरबी 'सादिर', अर्थ निघालेला, जारी झालेला. आजच्या 'सादर'मध्ये हे दोन्ही शब्द एकजीव झाले आहेत. 'सादर प्रणाम' लिहितो तेव्हा आदर बोलतो. जुन्या कागदात 'सनद सादर केली असे' वाचतो तेव्हा हुकूम बोलतो.

या शब्दांनी दिशा सांभाळली होती. नजर खालून वर जाते, सनद वरून खाली येते, फिर्याद न्याय मागते, रुजू केलेला कागद तपासला जातो. कोण कोणापुढे, कशासाठी आणि त्यानंतर समोरच्याने काय करायचे, हे क्रियापदातच होते. परकेपणाने या शब्दांचे काहीच बिघडले नाही, कारण प्रत्येकाला आपले नेमके काम होते. प्रेझेंटेशन नागरिकांच्या सभेत येतो तेव्हा त्याला नेमके काम नसते. आणि त्याच्या जागी 'सादरीकरण' बसवणारे आमचे भाषाप्रेमी मित्र (त्यांच्या तळमळीबद्दल मला खरोखर आदर आहे) तोच रिकामेपणा देवनागरीत उतरवतात. नागरिकांपुढचे आजचे सादरीकरण कोणत्या 'सादर'मधले? आदराने समोर ठेवलेले, की वरून जारी झालेले? त्या दिवशी सभागृहात बसलेल्यांना उत्तर ठाऊक होते.

'मांडणे' हा शब्द घेऊन बघा. आपण डाव मांडतो, पट मांडतो, संसार मांडतो, प्रश्न मांडतो, गाऱ्हाणे मांडतो. मांडलेला डाव दुसऱ्याने खेळायचा असतो, मांडलेला प्रश्न दुसऱ्याने सोडवायचा असतो. मांडले की समोरच्याचा हात त्यावर पडणार, हे गृहीतच आहे. विधानसभेत अर्थसंकल्प मांडतात. मग चर्चा होते, कपात सूचना येतात, मतदान होते. कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालताना तर एकेका वाक्याला जमलेली माणसे 'व्हय म्हाराजा' म्हणतात, त्यांच्या होकाराशिवाय गाऱ्हाणे पुढे सरकत नाही. 'आराखडा नागरिकांपुढे मांडला' असे लिहिणाऱ्याला पुढचे वाक्यही लिहावे लागते: मग लोक काय म्हणाले? 'आराखड्याचे सादरीकरण करण्यात आले' असे लिहिले की तिथेच पूर्णविराम देता येतो. कर्ता नाही, समोरचा नाही, पुढचे पाऊल नाही. अशी वाक्ये मी दिवसाला दहा भाषांतरित करतो, म्हणून सांगतो.

दुसरा विरोधी मुद्दा मला पहिल्यापेक्षा अवघड वाटतो. तीनशे पानांचा अहवाल कोण वाचणार? चित्रे, नकाशे, चार ठळक ओळी यांमुळेच गोष्ट सामान्य माणसापर्यंत पोहोचते. तुम्ही सादरीकरणाला नावे ठेवता, म्हणजे कारभार पुन्हा कागदी किड्यांच्या हाती देता, असे एका तरुण वास्तुविशारद मित्राने मला सुनावले. त्याचे बरेचसे बरोबर आहे. चित्र दाखवून गोष्ट सांगणे ही आपली फार जुनी विद्या आहे. पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण सांगतात आणि त्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. पॉवरपॉइंट १९८७ साली आले, त्याच्या कितीतरी आधीची ही परंपरा. आणि दिसण्याला क्षुल्लक तर कोणी मानूच नये. २ मार्च १८८८ ला पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी होती. दागदागिन्यांनी नटलेल्या पाहुण्यांत जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा देश या दागिन्यांत दिसणार नाही, खेड्यांत जाऊन पाहा, असे त्यांनी राजपुत्राला सांगितले. तो पेहराव हाच युक्तिवाद होता.

पण याच जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे शिक्षणाबद्दल आपले म्हणणे ठेवले तेव्हा ते लेखी निवेदन होते. बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाचा पैसा कुठे जातो, शिक्षक कोणत्या समाजातून यावेत, सगळे स्वतःच्या नावाने लिहून दिलेले. आज ते निवेदन काढून कोणीही ताडून पाहू शकतो. लोकांना हलवायचे तेव्हा वेश आणि सरकारला बांधून घ्यायचे तेव्हा कागद, हा फरक त्यांना पक्का कळला होता. माझ्या मित्राला मी एवढेच म्हणतो: चित्रे जरूर दाखव, उत्तम दाखव, फक्त त्यांच्या मागे सही केलेला कागद असू दे.

कागद मागे नसला की काय होते याचे माझ्या मनात घर करून बसलेले उदाहरण दूरचे आहे. १६ जानेवारी २००३ ला अमेरिकेचे कोलंबिया अंतराळयान उडताना इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज बांधला आणि तो पॉवरपॉइंटच्या पानांवरून वरिष्ठांना दाखवला. त्यातल्या एका पानावर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत आकडे होते: चाचण्यांत वापरलेला तुकडा ३ घन इंचांचा, इथला अंदाजे १९२० घन इंचांचा. म्हणजे सहाशेचाळीस पट मोठा. चाचण्यांचा आधार इथे लागूच पडत नव्हता. सर्वांत महत्त्वाचे वाक्य सर्वांत खाली होते. १ फेब्रुवारीला परतताना यान विखुरले आणि कल्पना चावलांसह सातही जण गेले. चौकशी मंडळाने अपघाताची कारणे अनेक सांगितली, पण तांत्रिक टिपणाच्या जागी पॉवरपॉइंटची पाने वापरण्याच्या सवयीवरही आपल्या अहवालात स्पष्ट बोट ठेवले. त्या अभियंत्यांनी काहीही लपवले नव्हते. त्यांनी 'दाखवले' होते. 'हे चूक असू शकते, निर्णय घ्या' असे बजावले मात्र गेले नाही.

हे सगळे मला आमच्या इमारतीच्या गच्चीवर पटले. जुनी चार मजली इमारत, पुनर्विकासाची चर्चा सुरू. एका विकासकाची माणसे पडदा घेऊन आली. ढगांतून खाली येणारा कॅमेरा, पोहण्याचा तलाव, हसरी कुटुंबे, मागे संगीत. सध्याच्या चटईक्षेत्रापेक्षा इतके टक्के जास्त, भाडे इतके, कॉर्पस म्हणजे सभासदांना मिळणारा निधी इतका. चहा झाला. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी उठल्या. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि विचारले, "दादा, छान दाखवलंत. आता यातलं लिहून काय देणार?" तो मुलगा नम्रपणे म्हणाला, "आजी, हे फक्त प्रेझेंटेशन आहे." त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती. तासभर जे पाहिले त्यातल्या कशालाही कोणी बांधील नाही, हे त्याने खरेखुरे सांगितले. आजी खाली बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "मग आपण आलो कशाला?"

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा सावध आहे. पुनर्विकासाबद्दल राज्य शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्देशांत सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती हवी, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती हवी, चित्रीकरण हवे. टाळ्यांना तिथे जागा नाही. २०१६ च्या रेरा कायद्याने तर नवे घर विकत घेणाऱ्यासाठी जाहिरातीतले आणि नमुना घरातले खोटे चित्रही भरपाईला पात्र ठरवले. आणि पर्यावरणाची १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना पाहा. जनसुनावणीची सुरुवात प्रकल्पवाल्याच्या प्रेझेंटेशनने होते, हे तिथे लिहिलेच आहे. पण ती फक्त सुरुवात. अहवालाचा सारांश आधी स्थानिक भाषेत उपलब्ध हवा, हजर असलेल्या प्रत्येकाला विचारण्याची संधी हवी आणि शेवटी सुनावणीचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायला हवा. म्हणजे दाखवणे, ऐकणे, लिहिणे आणि वाचून दाखवणे ही चार वेगळी कामे. जिथे ही साखळी पुरी होते तिथे त्याला 'सुनावणी' म्हणतात. फक्त पहिली कडी घ्यायची आणि बैठक झाली म्हणायचे, याला 'सादरीकरण' हे नाव पुरते.

नवी मुंबईत राहणाऱ्याला तरी हे वेगळे सांगायला नको. १९७० साली सिडको हे शहर उभारणारे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि ९५ गावांच्या जमिनीवर नवे शहर आखले गेले. नकाशे देखणे होते. त्या काळच्या नगररचनेतले हे मोठे काम होते, हे मी मनापासून मानतो. पण भातखाचरे, मिठागरे आणि मासेमारीची खाडी ज्यांची, त्यांच्यापुढे तो नकाशा आला तो ठरलेली गोष्ट म्हणून. त्याचा हिशेब जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्यावर झाला. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचे धोरण आले, ते लोकांनी आपले म्हणणे रस्त्यावर मांडल्यामुळे आले. जे सभागृहात मांडू दिले जात नाही ते कुठे मांडले जाते, हे या भागाने रक्त सांडून पाहिले आहे. तरीही आज इथे कोणी 'प्रकल्पग्रस्तांपुढे सादरीकरण झाले' असे निश्चिंतपणे लिहितो, तेव्हा मला ते वाक्य पुढे नेववत नाही.

काहीजण म्हणतील, हा शब्दांचा कीस आहे. अधिकारी नीट असेल तर शब्द कोणताही चालतो. चांगला अधिकारी असेल तर चालतो, खरे आहे. पण सूचना फलकावर लागते तेव्हा अधिकारी कोण आहे ते लोकांना ठाऊक नसते. त्यांच्या हाती शब्दच असतात. 'सादरीकरणास उपस्थित राहावे' असे वाचून माणूस रिकाम्या हाताने येतो. 'आराखडा मांडला जाईल, हरकती लेखी घेतल्या जातील' असे वाचून तोच माणूस सातबारा, मोजणीचा नकाशा आणि शेजाऱ्याला घेऊन येतो. सभा कशी होणार ते त्या एका ओळीवर बरेचसे ठरते.

आणि मराठीचा आग्रह? तो आहेच. १९६४ चा राजभाषा अधिनियम आहे, महापालिकांनाही मराठी बंधनकारक करणारा २०२२ चा कायदा आहे, अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आहे. या सगळ्याचा उपयोग शीर्षकापुरता करू नका. उरलेल्या पानांचे मराठी मागा. बारीक अक्षरांतल्या तळटीपेचे मराठी मागा. खरे पाणी तिथेच मुरलेले असते.

आमच्या सोसायटीच्या पुढच्या विशेष सर्वसाधारण सभेच्या सूचनेचा कच्चा मसुदा सचिवांनी मला तपासायला दिला. विषय क्रमांक चार होता, 'विकासकांचे सादरीकरण'. मी तो खोडून लिहिले: 'विकासकांनी दिलेले लेखी प्रस्ताव वाचून दाखवणे, सभासदांचे प्रश्न व विकासकांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवणे.' सचिव म्हणाले, "अहो, एवढं लांब कशाला? सगळ्यांना कळतं की." मी म्हटले, दुसऱ्या मजल्यावर जाऊन विचारा. ते खरेच गेले. सूचना फलकावर लागली तेव्हा माझी ओळ होती तशीच होती. तिच्यात फक्त दोन शब्दांची भर पडली होती, 'तारीखवार' आणि 'सहीनिशी', आणि ते माझे नव्हते.